रिकाम्या पट्टीची शाबासकी

मी एक जुना काळा डबा आहे, आणि रिकामा राहिल्याबद्दल माझी पाठ थोपटली गेली आहे. मित्रांनो, असलं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये. का ते ऐका.

माझा जन्म बादल्यांच्या कारखान्यात झाला. तिथल्या लाल-निळ्या बादल्या मला बघून नाक मुरडायच्या. मला ना झाकण, ना कडी. जास्तीचं पाणी वाहून जायला कडेखाली एक भोक, बस्स. पण माझ्यावर सोपवलेलं काम त्यांना झेपलं नसतं. जुन्या टायरांमध्ये चिकटलेल्या अंड्यांमधून एक परका, पट्टेरी डास आमच्या शहरात शिरला होता. हा डास दिवसाढवळ्या चावतो. ऊन तापू लागलं की तो वाढतो आणि थंडी पडली की दिसेनासा होतो. तो कुठे, कधी, किती वाढतो हे समजावं म्हणून आरोग्य खात्याने आम्हा डब्यांना गल्लोगल्ली बसवलं.

माझ्या पोटात गवत कुजवलेलं पाणी आणि एक खरखरीत लाकडी पट्टी असायची. डासाच्या मादीला तो वास आणि तो अंधार आवडतो. ती येऊन पट्टीवर अंडी घालायची. दर आठवड्याला खात्यातली तपासनीस ताई यायची, जुनी पट्टी घेऊन जायची, नवी ठेवायची. भिंगाखाली अंडी मोजली जायची आणि जिथे ती जास्त, तिथे औषध फवारणारे यायचे. डासांना मी फसवत होतो, पण माणसांशी खरं बोलत होतो.

मला ठेवलं होतं एका इमारतीच्या तळमजल्यावर, शिंपीणकाकूंच्या खिडकीखाली. काकू दिवसभर त्या खिडकीशी बसून शिवायच्या. घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची आई. दोघींचं पोट काकूंच्या बोटांवर चालायचं. हा डास सांधे धरणारा ताप आणतो, हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणूनच इतर बिऱ्हाडांनी "आमच्याकडे नको ती ब्याद" म्हटलं, तेव्हा काकूच म्हणाल्या, "माझ्या खिडकीखाली ठेव गं. निदान मला कळेल तरी."

पहिल्याच आठवड्यात माझी पट्टी अंड्यांनी काळी झाली. ताई म्हणाली, "काकू, खिडकी लावून घ्या. आम्ही औषध मारायला माणसं पाठवतो." काकूंनी लगेच खिडकी लावली आणि दिव्याखाली शिवायला बसल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला अभिमानाचा आठवडा तेवढाच.

कारण त्याच संध्याकाळी इमारतीचे अध्यक्ष आजोबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. निवृत्त गृहस्थ, जिन्यात कागदाचा कपटा दिसला तरी "कुठल्या घरचा हा?" असं चढ्या आवाजात विचारणारे. आपल्या इमारतीत अंडी सापडली, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. "सगळ्या गल्लीत आपलीच शोभा!" असं ते पुटपुटले. औषधवाले येऊन गेले, आणि पुढच्या वेळी ताई यायच्या आदल्या दिवशी आजोबा जुना दातांचा ब्रश घेऊन आले. त्यांनी पट्टी खसखसून घासली, मला विसळलं, नळाचं पाणी भरलं. परीक्षेत नापास व्हायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. मी परीक्षा घेणारा नव्हतो हो! पण डब्याचं कोण ऐकतो?

आणि ते विसळलेलं पाणी? "पाणी फुकट कशाला घालवायचं?" म्हणत आजोबांनी ते शेजारच्या कुंड्यांना घातलं. कुंड्यांखाली ताटल्या होत्या आणि ताटल्यांत पाणी साचलेलं होतं. घासून काढलेली अंडी आयती तिथे पोचली.

हे दर आठवड्याला चाललं. शेजारच्या इमारतींच्या पट्ट्या उन्हाबरोबर काळ्या होत गेल्या, आमची मात्र कोरी. ताईला शंका आली नसेल असं मला वाटत नाही. ती पट्टी उलटसुलट करून बघायची, कपाळाला आठी घालायची. पण कोरी पट्टी मोजावी लागत नाही, आणि तिच्या पिशवीत पट्ट्या खच्चून भरलेल्या असायच्या.

"काही सापडलं का गं?" काकू विचारायच्या.

"काही नाही काकू. निर्धास्त राहा."

काकूंचा जीव भांड्यात पडायचा आणि त्या खिडकी सताड उघडायच्या. उजेडात सुईत दोरा पटकन जातो ना. औषधवाले आमचं फाटक ओलांडून पुढच्या इमारतीत जायचे. दरवाज्यावर 'आदर्श इमारत' अशी चकचकीत पाटी लागली. खात्याचे साहेब मला थोपटून म्हणाले, "शाब्बास! असा डबा हवा." माझा संताप संताप झाला. आजोबा शेजारी उभे राहून हसत होते.

मग गल्लीत कुणीतरी बाहेरगावाहून ताप घेऊन आलं. पुढचं काम कुंड्यांतल्या डासांनी केलं. आधी आजोबा आडवे झाले. त्या आठवड्यात मला कुणी घासलं नाही. ताईने पट्टी काढून उजेडात धरली. पट्टीवर तसूभर जागा उरली नव्हती.

"काकू!" तिने खिडकीतून हाक मारली. "काकू, खिडकी लावा!"

काकूंनी उठायचा प्रयत्न केला. त्यांची बोटं सुजून कडक झाली होती. खिडकीची कडी त्यांना धरता आली नाही.

ताप उतरला तसे आजोबा खाली आले. तो ब्रश त्यांच्या हातात होता. काकूंच्या दारात उभं राहून म्हणाले, "मीच घासायचो. इमारतीचं नाव खराब होऊ नये म्हणून."

काकू ओरडल्या नाहीत. मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "आजोबा, मला नुसतं कळलं असतं ना, तर मी खिडकी लावली असती. एवढंच करायचं होतं मला."

थंडी आली, डास गेले, खात्याने डबे उचलले. "हाच मेला डास बोलावतो" म्हणून लोकांनी मला आधीच कोपऱ्यात भिरकावलं होतं, त्यामुळे मी मागे राहिलो. ती 'आदर्श इमारत' पाटी मात्र अजून पुसून चकचकीत ठेवली जाते. मित्रांनो, तुमच्या दाराशी माझा एखादा भाऊ ठेवला, तर हात जोडून सांगतो, त्याला घासू नका. त्याच्या पोटात जे असेल ते दिसू द्या, लाज वाटली तरी दिसू द्या. कुणीतरी त्याच्या भरवशावर खिडकी उघडी ठेवून बसलेलं असतं.

त्या कोपऱ्यातून काकूंनीच मला उचललं, हल्ली मी त्यांच्या शिलाईयंत्रावर असतो. माझ्यात त्यांची कात्री उभी आहे. मधूनमधून त्या अंगठा तिच्या कडीत घालून बघतात. मग काढून घेतात.