रिकामा टेम्पो

काचवाल्याने सकाळपासून टेम्पो नीट उभाच केला नव्हता. थांबला तरी इंजिन चालू आणि पाय ब्रेकवर. मागे काचा उभ्या करायच्या लाकडी घोडीवर दोऱ्यांनी आवळलेली एकच काच होती. शेजारी बसलेला मेव्हणा दर वळणाला मान वळवून तिच्याकडे बघत होता.

"दाजी, या चौकातून आपण तिसऱ्यांदा जातोय. तो पोलीस आता ओळखीचं हसायला लागलाय."

"तू आरशात बघ."

आरशात मोटारसायकल होती. तिच्यावरची दोन माणसं लपतछपत नव्हती. मागे बसलेल्याने तर मघाशी एका सिग्नलला सावकाश हातही वर केला होता. बँकेने त्यांना टेम्पोचा नंबर दिला होता, पुढचं काम त्यांचं.

टेम्पोवाल्यांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: वसुलीवाले भरलेली गाडी उचलत नाहीत. माल दुसऱ्याचा असतो, फुटला-तुटला तर निस्तरायचा कोणी? आणि काच म्हटली की त्यांचे हात आणखीच आखडतात. म्हणून काचवाला हल्ली एक काच उतरवायच्या आत दुसरी चढवायचा. आज मात्र काचेची वखार बंद होती. ही काच उतरली की टेम्पो रिकामा.

खरं तर हे सगळं त्याच्या शहाणपणातून उपटलं होतं. एका शाळेच्या खिडक्यांचं मोठं काम मिळालं, हातात चार पैसे खुळखुळले. ते इकडेतिकडे उडायला नकोत म्हणून त्याने बँकेत टेम्पोच्या कर्जाचे दोन हप्ते एकदमच भरले, त्या महिन्याचा आणि पुढचा. काउंटरवरचा माणूस "वा, छान" म्हणाला. पुढचा महिनाभर काचवाला गाढ झोपला. बँकेने दुसरा हप्ता मुद्दलात वळता केला आणि पुढच्या महिन्याचा हप्ता थकला म्हणून दंड लावला. त्यानंतर त्याने जे भरलं त्यातून आधी दंड कापला गेला, हप्ता पुन्हा अपुरा पडला आणि त्याबद्दल पुन्हा दंड. भरतोय आणि थकतोय, असं चालू झालं.

बँकेतला तरुण साहेब अगदी अदबीने बोलला होता. "काका, पुढच्या महिन्याचा हप्ता म्हणून घ्या, असं लिहून द्यायला हवं होतं तुम्ही."

"मी तोंडाने सांगितलं होतं."

"तोंडाचं सिस्टीममध्ये येत नाही, काका."

फोन वाजला. मेव्हण्याने उचलून स्पीकरवर टाकला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाई होत्या. काच त्यांच्याच दुकानाच्या दर्शनी खिडकीची.

"कुठे आहात?"

"येतोच आहे, बाई."

"येतोच आहे हे तुम्ही सकाळी म्हणालात, मग दुपारी म्हणालात. उघडी घड्याळं पडलीत माझी, सगळी धूळ खातायत. आज येणार नसाल तर तसं सांगा. दुकान उघडं टाकून मला घरी जाता येणार नाही, इथेच खुर्चीत झोपेन. पांघरूण मागवून घेते."

फोन ठेवल्यावर मेव्हणा हळूच म्हणाला, "उद्या वखार उघडेल. आजची रात्र काढू, दाजी. टेम्पो माझ्याकडे लावू, काच वरच राहू दे."

"काच बाईंची आहे."

"आणि टेम्पो?"

टेम्पो गेला तर उद्यापासून काच डोक्यावर वाहायची की काय, हे मेव्हण्यालाही कळत होतं आणि काचवाल्यालाही. पुन्हा तो चौक आला. या खेपेला त्याने डावीकडे वळण घेतलं.

दुकानासमोर त्याने इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. मोटारसायकल रस्त्यापलीकडे थांबली. काचवाला रस्ता ओलांडून गेला.

"काच बसेपर्यंत तरी थांबा."

त्यांतला वयस्कर होता तो म्हणाला, "तुमचं काम तुम्ही करा, काका. आमचं आम्ही करतो."

काचवाल्याने आणि मेव्हण्याने दोऱ्या सोडल्या, काच तोलत नेली आणि चौकटीत उभी केली. कडेच्या लाकडी पट्ट्या ठोकेपर्यंत ती दोन्ही बाजूंनी दाबून धरावी लागते. एका हाताने जरा ढिलं सोडलं की पुढे कोसळते.

"पट्ट्या मी ठोकते," बाई आतून म्हणाल्या. "बारीक हातोडी माझ्या हातातलीच आहे. तुम्ही फक्त हलू नका."

त्या खालून सुरुवात करून एकेक बारीक खिळा बेताने बसवू लागल्या. काचवाल्याचे दोन्ही तळवे काचेला चिकटले होते, गाल जवळजवळ टेकला होता. तेवढ्यात मागे टेम्पोचं दार लागलं. दुसरी किल्ली कर्ज देतानाच बँकेने ठेवून घेतली होती. इंजिनाचा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता.

"दाजी," मेव्हण्याचा आवाज चिरकला. त्याचा खांदा वळू लागला.

"सोडू नकोस."

"अहो, ते नेतायत."

"ऐकू येतंय मला. तू सोडू नकोस."

काचेत पाठीमागचा रस्ता दिसत होता. त्यातून रिकामी घोडी मिरवत टेम्पो डावीकडून उजवीकडे गेला आणि चौकटीपाशी संपला. मागोमाग मोटारसायकलही गेली.

"जरा वर दाबा," बाई म्हणाल्या, "इथे फट राहतेय."

त्याने वर दाबलं.