सुईच्या नेढ्याएवढं तोंड

थायलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर भाद्रपदातली सकाळ ओलीगच्च, जांभळट उगवते. समुद्र शिसवी, आकाश शिसवी, आणि मधोमध विहाराचं सुवर्णशिखर एकटंच जळत असतं. हा वद्य पक्ष मृतांचा. आपल्याकडे पितृपंधरवडा, तसाच तिथेही. पंधरा दिवस गेलेली माणसं घरी येतात आणि अमावास्येला परत जातात.

भुकेली येतात, हो. उंच, क्षीणकाय, छायामलिन. आणि तोंड म्हणाल तर सुईच्या नेढ्याएवढं. भाताचं शीतसुद्धा आत जायचं नाही. म्हणून त्यांच्यासाठी तांदळाच्या पिठाचं एक पक्वान्न करतात, त्याला ‘ला’ म्हणतात. भोकं पाडलेल्या करवंटीतून तापल्या कढईत पीठ सोडायचं, केसासारखी धार, धारेवर धार, की झाली सोनसळी जाळी. धागा जितका बारीक, तितका मृताचा घास सोपा.

आणि लमियातसारखा धागा गावात कुणालाच जमत नसे. साठी उलटलेली कोळीण, पण हात असा हलका की बघत राहावं. गावभरच्या मेलेल्यांना ती जेवू घालायची. फक्त स्वतःच्या मुलाला नाही.

चरुण सहा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. होडी परतली नाही, देहही आला नाही. तिथली रीत अशी, की भिक्खूंपुढे अन्न ठेवायचं, नाव घ्यायचं, पाणी सोडायचं. तेव्हाच ते त्या माणसाला पोचतं. आता पाणी सोडावं, तर पोटच्या पोरावरच पाणी सोडल्यासारखं. न सोडावं, आणि तो खरंच गेलेला असेल, तर तिकडे उपाशी. गावानं समजावलं, भिक्खूंनी समजावलं. बाई ऐकेल तर शपथ. मुलगा कुठल्या तरी परक्या बंदरात आहे, एवढं म्हणायची आणि विषय संपवायची.

पण आई ती, आतून पोखरलेली. विहाराच्या अंगणात दरवर्षी बांबूचं मचाण उभं राहतं, मागे कुणीच नसलेल्या बेवारस मृतांसाठी. त्यावर सगळ्यांत बारीक धाग्याची ला ती गुपचूप ठेवून यायची. नाव नाही, पाणी नाही. असलाच तर खाईल बापडा. नसला तर कुणाचं काय बिघडलं! ही तिची पळवाट कुणाला ठाऊक नाही, असं तिला वाटे.

सून सुपिन, चरुणची बायको, सहा वर्षं हे बघत होती. यंदाच्या अमावास्येला, धूपगंधानं अंगण जडावलेलं असताना, तिनं सासूचा हात मचाणाशीच धरला. आवाज चढवला नाही.

“आई, इथं बेवारस येतात. आपलं माणूस आलं असेल, तर सहा वर्षं याच रांगेत उभं आहे. घरचं कुणी ओळख देईना म्हणून.”

लमियातला ती रांग दिसली. खरंच दिसली. निळ्या धुरात निस्तेज, निःशब्द, निराधार. आणि शेवटी ओलेत्या अंगानं, मान खाली घालून, परक्यांच्या पानाकडे बघत उभा असलेला तिचा चरुण. आपणच त्याला अनाथ केलं होतं.

मग ती वळली. ला उचलून भिक्खूंपुढे मांडली आणि झारी हातात घेतली. मंत्र सुरू झाले, गंभीर, संथ, समुद्रासारखे एकसुरी. वाडग्यात धार सोडताना म्हणायचे पाली शब्द तिला एकही आठवेना.

“चरुण,” ती म्हणाली, “ये बाळा, जेवून घे.”

मंत्र संपले. वाडगं घेऊन दोघी अंगणातल्या पिंपळाशी गेल्या आणि मुळाशी पाणी ओतलं. माती ते घटाघटा प्यायली. त्या ओल्या मातीवर तळवा टेकून लमियात बसली, बसून राहिली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, मूल गेलेली आई रडते, तशी रडली.