बाईंचं शेवटचं डबिंग

घरात तीन पिढ्या तोंडाला रंग लावणाऱ्या. आजोबांची नाटक कंपनी, आई सिनेमातली बडी नायिका आणि ही तिसरी. चालायला शिकली न शिकली तोच हिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तेव्हा सगळे बेबी म्हणायला लागले, ते पन्नाशी उलटली तरी बेबीच. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण बेबी! या धंद्यात एकदा चिकटलेलं नाव सहजासहजी सुटत नाही.

आणि आईचा शिक्काही सुटत नाही. आईला सगळे बाई म्हणत, आणि बाईंचा आवाज म्हणजे खणखणीत नाणं. वाक्य भरधाव सुटायचं, पण एकही अक्षर सांडायचं नाही. बेबीनं तो आवाज लहानपणीच उचलला होता. बाईंनी भूमिका नाकारली की निर्माते ती लेकीला द्यायचे आणि वर ते तिचं भाग्य समजायचे. बाई सेटवर खुर्ची टाकून बसत आणि शॉट संपला की काही ना काही खोट काढत. लेकीचं कौतुक करायला त्यांची जीभ कधी वळलीच नाही. शेवटी चाळिशीत बेबी कंटाळली, नाटकात गेली आणि स्वतःच्या खालच्या पट्टीतल्या, सावकाश आवाजात बोलायला लागली. लोकांना ते आवडलं. आई मात्र मध्यंतरातच उठून घरी गेली. बेबीला ते लागलं, अजूनही लागतं.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि जीभ जड झाली. तरी हट्टानं तिनं एक भूमिका केली, घर सोडायला तयार नसलेल्या म्हातारीची. चेहरा असा बोलला की युनिटमधली माणसं डोळे पुसत होती. संवाद मात्र कुणाला कळेनात. मग दिग्दर्शकानं बेबीला गाठलं.

"ताई, बाईंसाठी डबिंग तुम्हीच करा. त्यांचा जुना आवाज दुसऱ्या कुणाला येतो? फक्त त्यांना कळू द्यायचं नाही."

"तिच्यापासून लपवून मी काही करणार नाही," बेबी म्हणाली आणि घरी जाऊन सरळ सांगून टाकलं. आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं. शेवटचं काम, आणि तेही उसन्या आवाजात! मग एकेक शब्द ओढत म्हणाली, "मी... येणार."

आली आणि डबिंगच्या खोलीत, माईकशेजारी खुर्ची टाकून बसली. काचेपलीकडे दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट. पडद्यावर आईचा चेहरा आला. बेबीनं हेडफोन चढवला आणि तो जुना आवाज लावला. अगदी हुबेहूब!

"थांबा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आवाज संपतो, ओठ हलतच राहतात."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तरुणपणीचा तो आवाज आजच्या ओठांवर काही केल्या बसेना. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. आईनं मान खाली घातली होती. बेबीनं ते पाहिलं. आपण आईसमोर आईचीच नक्कल करतोय, आणि तीही तिला आता न जमणाऱ्या बोलण्याची. हे कसलं प्रेम?

तिनं डोळे मिटले आणि स्वतःच्या आवाजात, सावकाश म्हणाली, "किल्ली मागू नका. अजून मी घरात आहे."

"बसतंय!" दिग्दर्शक ओरडला. "पण ताई, हा बाईंचा आवाज नाही हो."

बेबीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. हेडफोनमध्ये तिला दुसरा एक आवाज आला होता. खुर्चीतून आई तिच्याबरोबर पुटपुटत होती, त्याच संथ चालीत. शब्द जड होते, पण सुटे होते, कळत होते. म्हणजे जीभ अगदीच गेली नव्हती! कॅमेऱ्यासमोर बाई जन्माच्या सवयीनं भरधाव निघत होत्या आणि ठेचकाळत होत्या.

बेबीनं हेडफोन काढून आईच्या कानांवर चढवला, माईक खाली ओढला.

"आई, तू म्हण."

"नाही... जमायचं."

"माझ्यामागून म्हण. आणि घाई करायची नाही."

"मला... शिकवतेस?" आईनं डोळे असे वटारले की बेबी क्षणभर फ्रॉकमधली पोर झाली.

"हो, शिकवते," ती म्हणाली. "किल्ली मागू नका."

"किल्ली... मागू नका."

"अजून मी घरात आहे."

"अजून... मी... घरात आहे."

काचेपलीकडून दिग्दर्शकानं अंगठा वर केला. आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं लेकीची बाही धरली होती.

"बरोबर... आलं का गं?"

असं विचारताना आईला कुणीच कधी पाहिलं नव्हतं. बेबीला रडूच फुटलं. जो शब्द ऐकायला तिचे स्वतःचे कान आयुष्यभर आसुसले होते, तो देताना तिनं हातचं राखलं नाही.

"छान आलं, आई. फार छान आलं."

आईनं मान डोलावली, खुर्ची माईककडे सरकवली.

"मग... पुढचं सांग."