दोष विळीचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे आणि मी चिडलेली आहे. मिरजगावच्या एका लोहाराने माझं पातं ठोकून बाभळीच्या पाटावर बसवलं. बनुबाईंनी मला बाजारातून घरी आणलं. त्यांनी वीस वर्षं माझ्यावर भाज्या चिरल्या. मग त्यांची सून रोहिणी माझ्यावर बसू लागली. तिच्याइतकी बारीक मेथी चिरणारी मी दुसरी पाहिली नाही. "आमच्या इळीला लई धार हाय," असं ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

पुढे माझा खिळा सैल झाला. पातं हलायला लागलं. रोहिणीने नवऱ्याला, मच्छिंद्रला, तीनदा सांगितलं, "अहो, तेवढा खिळा ठोकून द्या ना."

"ठोकू की उद्या," म्हणत तो मोबाईल बघत राहिला.

एक दिवस डांगर चिरताना माझं पातं कलंडलं आणि रोहिणीच्या उजव्या तळहातात रुतलं. दोन बोटं वाकवणाऱ्या शिरा तुटल्या. नगरला ऑपरेशन झालं. घरी येऊन मच्छिंद्र काय म्हणाला असेल? "ही इळीच अवदसा हाय!" त्याने मला फळीवर भिरकावलं. तिथून मी पुढचं सगळं पाहिलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे या हाताने काहीही उचलायचं नाही, शिरा पुन्हा तुटतील. रोहिणी पेस्टचं टोपण दातांनी उघडायची. साडी नेसता येईना म्हणून गाऊन घालायची, तर बनुबाई नाक मुरडायच्या. वेणी घालता येत नव्हती आणि घालून द्यायला कुणी पुढे येत नव्हतं. पिठाची परात दोन्ही पायांत धरून ती डाव्या हाताने मळायची. एकदा परात निसटली, पीठ जमिनीवर सांडलं आणि ती तिथेच रडत बसली. मच्छिंद्र दारात आला. "मंग आज भाकरी न्हाई का?" एवढंच त्याने विचारलं.

चौथ्या आठवड्यात त्याचे सात मित्र शिर्डीहून परतताना जेवायला येणार होते.

"माझ्यानं होनार न्हाई," रोहिणी म्हणाली.

"डावा हात धड हाय ना?"

भाताचं पातेलं उतरवायला डावा हात पुरेना. तिने उजवा लावला. ती किंचाळली, तेव्हा बाहेर ओट्यावर हसणं चाललं होतं.

पुन्हा ऑपरेशन. पुन्हा सहा आठवडे. दवाखान्यातून ती घरी आली आणि मच्छिंद्र म्हणाला, "जरा च्या टाक."

रोहिणी उठून थेट अंगणात जाऊन बसली. "तुमाला दोन हात हायत," ती म्हणाली. "मी आता माझा एक राखनार."

तो आईकडे वळला. "बघ गं, कशी बोलती!"

आता बनुबाई सुनेलाच झापणार, असं मला वाटलं. पण त्यांनी आपला हात त्याच्यासमोर धरला. करंगळी आकडीसारखी वाकडी होती. "ऊस तोडताना कोयता लागला हुता. तिसऱ्या दिशी भाकरी थापल्या मी. तुझ्या बानं इचारलं न्हाई, तू बी न्हाई. अन् मी हिलाबी त्येच करायला लावलं. बास झालं आता. बस खाली, परात घे."

मच्छिंद्र बसला. पीठ सैल झालं, भाकरी फाटल्या. सगळ्यांना त्याच खाव्या लागल्या.

रोहिणीची ती दोन बोटं आता पुरती वाकत नाहीत. मूठ वळत नाही. कुलपात किल्ली फिरवायला अजून डावा हात लागतो. मच्छिंद्रच्या भाकरी आता बऱ्या होतात आणि सगळी आळी त्याचं कौतुक करते. पायात परात धरून मळणाऱ्या रोहिणीचं कौतुक कुणी केलं होतं? माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, घरातल्या वस्तू वेळेवर दुरुस्त करा, एवढं सांगून मी थांबणार नाही. तुमच्या घरात कुणाचा हात गळ्यात बांधलेला असेल, तर "बरं वाटतंय का?" असं विचारत दारात उभे राहू नका. आत या. भांडी घासायला घ्या.