तिसऱ्या दिवसाचा कौल

इकिरुन गावच्या फातोकींना तीन मुलगे. थोरला लागोसला टॅक्सी चालवतो, मधला वेल्डिंग करतो, धाकटा सेसान शाळेत भूगोल शिकवतो. इफा देवाचा कौल लावणाऱ्या बापाचे श्लोक एकालाही चार ओळींपुढे येत नाहीत. म्हणून सेसानला मुलगा झाला तेव्हा म्हाताऱ्याने मनातल्या मनात त्याला शिष्य करूनही टाकलं. पोर तीन दिवसांचं होतं, एवढीच काय ती अडचण.

सून इबिदुन पांढऱ्या झग्यांच्या चर्चची. बाळाचा कौल लावायला ती तयार झाली ती सासूच्या भिडेखातर. चर्चमधल्या तीर्थाची बाटली काखेत धरून ती बाळासकट कौलाच्या तबकापासून लांब, दाराशीच बसली.

"आत ये गं, तबक चावत नाही," सासू मोरेनिके म्हणाली. "चाळीस वर्षं चर्चमधून येऊन यांच्याच ताटात जेवते. झालंय का मला काही?"

इबिदुनने आत येऊन बाळाची पावलं तबकावर पसरलेल्या लाकडाच्या भुकटीत टेकवली. फातोकींनी पामच्या सोळा बिया या हातातून त्या हातात घेत, मागे उरतील त्याप्रमाणे भुकटीत रेघा ओढल्या. शेवटच्या रेघेला हात थांबला. रेघांच्या या खुणेचा श्लोक स्पष्ट होता: पोराचं भलं समुद्रापलीकडून आलेल्या देवापाशी, पांढऱ्या वस्त्रात, अनवाणी. घरात हा श्लोक दुसऱ्या कुणाला येत नव्हता. एक ओळ गिळली की काम झालं असतं.

"सेसानचे बाबा, तोंड का उतरलं?" मोरेनिकेने विचारलं.

"पोर हिच्या चर्चचं आहे," फातोकी म्हणाले. "माझ्या हाताखाली यायचं नाही."

इबिदुनने बाळ उचललं आणि सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, दुसरं काही सांगितलं असतंत तरी मला कुठं कळणार होतं?"

"नसतंच कळलं. पण मग याला शिकवलं काय असतं? खोटा कौल कसा सांगायचा ते?" त्यांनी एका हाताने बिया गोळा केल्या. "याची पथ्यं सांगायची राहिलीत. तुमच्यात काय चालत नाही?"

"डुक्कर नाही, दारू नाही. झगा घातला की पायात चप्पल नाही."

"मग हीच याची पथ्यं. एकही मोडायचं नाही. आणि प्रार्थना?"

"रविवारी नि बुधवारी. बुधवारी माझा कांद्यांचा बाजार असतो, मला जमत नाही."

"जमवायचं."

"बाबा, आमच्या चर्चचे प्रॉफेटसुद्धा इतकं धरत नाहीत."

"त्यांनी खूण पाहिलेली नाही. मी पाहिलीय. बुधवारी तुझ्या कांद्यांपाशी मी बसेन."

"झालं," मोरेनिके म्हणाली. "गिऱ्हाईक भाव विचारेल आणि हे त्याला वाडवडिलांचं नाव विचारतील."

फातोकींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. बाळाचं डोकं हातावर नीट घेत त्यांनी सुनेला विचारलं, "ढीग चार कांद्यांचा लावतेस की पाचाचा?"