फुकटची शांतता

माझी नात भिंगरी सिनेमाचं एडिटिंग करते, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले खोकले कापते. असं म्हटलं की तिला राग येतो, पण ती आणखी काय करते ते मला अजून कळलेलं नाही. मागच्या खोलीत बसते, कानावर त्या दोन वाट्या चढवते, आणि चहा नेऊन ठेवला तर त्यावर साय धरेपर्यंत बघत नाही.

त्या दुपारी तिच्याकडे एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याची फिल्म होती. गोड बोलायचा म्हातारा, पण वाक्यावाक्याला खाकरायचा. हिने खाकरणं कापलं की तिथे आवाजाला भोक पडायचं. मला ऐकवलं तिने. म्हातारा बोलतोय, मागे दुकानाची बारीक गुणगुण, आणि मध्येच कुणी कानात बोळा कोंबावा तसं सगळं ठप्प. शूटिंग संपलं की सगळ्यांनी अर्धं मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या जागेची शांतता भरून घ्यायची, अशी यांची रीत. तीच मग अशा भोकांना ठिगळासारखी लावतात. पण दिग्दर्शकबाईंना घरी जायची घाई, त्या विसरल्या. आता ते दुकानही पाडलंय.

"मग गं आता?" मी विचारलं.

"मिळते ऑनलाइन," ती म्हणाली. "फुकट."

शांतता फुकट मिळते म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसलेच. कुठली तरी एडिटर लोकांची साइट होती. एकमेकांसाठी सामान ठेवलेलं तिथे. पावलांचे आवाज, करकरणारी दारं, पाऊस, कुत्री, थोबाडीत मारल्याचे आवाजसुद्धा. आणि अगदी तळाशी शांतता, हरतऱ्हेच्या. हिने 'जुनं दुकान, दुपार' निवडली. लगेच नियमांचं हे लांबलचक पान आलं. मी म्हटलं, वाच की. तर म्हणे, आजी, ते कुणीच वाचत नाही. आणि 'मान्य' दाबून मोकळी.

ठिगळं झकास बसली. मी कप उचलून पार मागे स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर ठेवला. आवाज आला नाही. नळ गळत होता, थेंब पडताना दिसत होते, पण टपटप नाही. मी घाबरले, वाटलं गेले माझे कान. पुढच्या खोलीत आले तर पंख्याची खरखर ऐकू येत होती, माझ्या चपलाही वाजत होत्या. म्हणजे कान जागेवर होते. आवाजच जात होते, मागच्या बाजूने.

धावत भिंगरीकडे गेले. ती पडद्याकडे बघत पांढरीफटक पडली होती. अर्ध्या मिनिटाची ती शांततेची पट्टी आपोआप लांब होत होती. म्हाताऱ्याच्या बोलण्याखालून सरकत फिल्मच्या शेवटापलीकडे चालली होती. तिने ती पुसली, ती परत आली. तिने वायर उपटली, तर कॉम्प्युटर बॅटरीवर सुरूच.

"आजी, हे मला—" एवढंच ऐकू आलं. पुढे नुसते ओठ हलत राहिले. तिने गळा धरला, जीव खाऊन ओरडली, मानेच्या शिरा तटतटल्या, पण आवाजाचा टिपूस नाही. माझी नात, जी पाळण्यात होती तेव्हा शेजारी भांडायला यायचे.

बोलायला गेले तर माझाही शब्द निघेना. मग तिला दंडाला धरून पुढच्या खोलीत ओढलं, कॉम्प्युटरसकट. तिथे माझा आवाज फुटला, तिचा मात्र नाही. मी म्हटलं, "आता तरी वाच ते पान."

पानाच्या पोटात एक ओळ होती. घेणाऱ्याने आपल्या घरची एक शांतता द्यावी, न दिल्यास ती परस्पर घेतली जाईल.

तिने माईक उचलला, मागच्या खोलीत जाऊन तिथली शांतता भरून आणली आणि पाठवली. लगेच उत्तर आलं, 'ही आमचीच आहे.'

म्हणजे आता फक्त पुढची खोली उरली होती, आणि तिथल्या पडद्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या होत्या. भिंगरीने माईक माझ्यासमोर ठेवला आणि ओठांवर बोट धरलं. अर्धं मिनिट गप्प बसायचं होतं, आणि तेही मी. आमचे हे म्हणायचे, ही झोपेतसुद्धा समोरच्याला बोलू देत नाही.

पहिल्या खेपेला मी विचारलं, "सुरू झालं का?" भिंगरीने कपाळावर हात मारला, आवाज न होता.

दुसऱ्या खेपेला पदर तोंडात कोंबला. बसले. पंख्याची खरखर बारीक होत गेली आणि विझली. पंखा फिरत होता. मग रस्त्यावरच्या गाड्या गेल्या. माझ्या पायाशी काही तरी येऊन थांबल्यासारखं झालं, आणि आता बोलले नाही तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही असं वाटलं. नातीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गिळलं, सगळंच्या सगळं. तेवढ्यात माझा गुडघा कटकन वाजला. अख्ख्या घरात तेवढा एकच आवाज उरला होता. भिंगरीने तो तसाच राहू दिला आणि पाठवून दिलं.

उत्तर येईना. मग पंखा खरखरला.

"आजी," ती म्हणाली, घोगऱ्या आवाजात, आणि मोठ्याने रडायला लागली. मी तिला मुळीच गप्प केलं नाही.

फिल्म पुरी होऊन गेली. दिग्दर्शकबाई म्हणाल्या, आवाज फार नैसर्गिक झालाय. माझी शांतता म्हणे बरेच एडिटर घेतात आता. कुठल्याही सिनेमात माणसं गप्प बसली की कान देऊन ऐका, कुठे तरी माझा गुडघा वाजेल.

आमच्या दाराचा आवाज मात्र अजून परत आला नाही. ना बेल वाजते, ना कडी, ना कुणी ठोठावलेलं ऐकू येतं. आत कोण आलं, कधी आलं, काही कळत नाही. म्हणून मी आता दाराकडे तोंड करूनच बसते, आणि सारखी बोलत असते.