बाईंचं गेलेलं नाव

गिऱ्हाइकं तिला कात्री म्हणत. हात झपाझप चालतो म्हणून, असं ती स्वतः सांगायची. जीभ चालते म्हणून, असं तिची नणंद सांगायची. दोघी मिळून ते छोटं सलून चालवत. कात्री केस कापायची, नणंद नखं रंगवायची, आणि खुर्चीत बसलेल्या बाईचा वेळ कसा जाईल ते दोघी बघायच्या.

कात्री श्रद्धाळू होती. चर्चमधली रविवारची मिस्सा तिनं कधी बुडवली नव्हती. चोरी नाही, लबाडी नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, अशी तिची स्वतःविषयी पक्की समजूत होती.

एकदा एक आई आपल्या जुळ्या मुलांना घेऊन केस कापायला आली. धाकट्याच्या मानेभोवती कापड बांधताना कात्रीला त्याच्या दंडावर हिरवानिळा डाग दिसला. आई दाराबाहेर फोनवर बोलत होती.

"हे काय रे झालं?" कात्रीनं विचारलं.

पोरगा आरशातल्या स्वतःला वेडावून दाखवण्यात दंग होता. शाळेत कुणाकडे आहेस, या प्रश्नाला मात्र त्यानं उत्तर दिलं. बालवर्गाच्या बाईंकडे.

बाईंना कात्री चर्चमुळे ओळखत होती. सडसडीत, मोजकं बोलणारी, एकटी राहणारी बाई. केस स्वतःच कापायची. सलूनची पायरी कधी चढली नव्हती, आणि ते कात्रीला उगाचच कुठेतरी खुपत होतं.

त्याच संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचे केस वाळवता वाळवता ती बोलून गेली, "बालवर्गाच्या बाई पोरांना चिमटे काढतात वाटतं. मी एकाचा दंड बघितला ना."

गिऱ्हाइकानं मान वळवली. "काय सांगता! ड्रायर बंद करा जरा, नीट ऐकू येत नाही."

कात्रीनं ड्रायर बंद केला आणि नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींना सांगितलं. पुढचं काम तिला करावं लागलंच नाही. चिमट्याची थप्पड झाली, थप्पडेचं अंधाऱ्या खोलीत कोंडणं झालं. कुठल्या मुलाचा दंड, हे तर कधीच मागे पडलं. पालक शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले, आणि मोठ्या बाईंनी बालवर्गाच्या बाईंना सांगितलं, चौकशी होईपर्यंत तुम्ही घरीच थांबा. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर त्या एकट्याच बसलेल्या दिसू लागल्या.

केस वाढले तशी जुळ्यांची आई पुन्हा आली. "त्या बाईंचं ऐकलंत का?" ती म्हणाली. "आमचे दोघं तर रोज त्यांची आठवण काढतात. नव्या बाई गाणी म्हणत नाहीत म्हणे."

"पण धाकट्याच्या दंडावर डाग होता ना तेव्हा?" कात्रीनं विचारलं.

"तो होय! पलंगाच्या शिडीवरून घसरला होता. वरच्या पलंगावर मीच झोपणार म्हणून दोघांची मारामारी. मी तिथेच उभी होते."

 कात्रीनं कसेबसे केस पुरे केले. एका कानावरची बट लांबच राहिली, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. म्हातारे फादर जाळीपलीकडे ऐकत होते. ती म्हणाली, "फादर, माझा गैरसमज झाला."

"गैरसमज हे पाप नाही. तेवढंच सांगायला आलीस का?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "मला खात्री नव्हती. तरी बोलले. आणि बोलताना बरं वाटलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या."

"हं. आता आलीस मुद्द्यावर." फादर खाकरले. "देवानं नुसत्या शब्दानं जग उभं केलं, असं आपण मानतो. त्यानं माणसाला आपल्यासारखं घडवलं, म्हणजे आपल्याही शब्दात थोडी ताकद ठेवली. तू ती एका बाईला पाडायला वापरलीस."

"मी इतकी वाईट आहे का हो?"

"तू माणूस आहेस. दुसऱ्याची पडझड आपल्याला गोड लागते. हा बिघाड पहिल्यापासूनचा आहे, तुझा, माझा, सगळ्यांचा. देवाला तो माहीत होता, म्हणून तर तो आपल्यात येऊन राहिला. तो क्षमा करतो, आज, आत्ता, आणि त्यात हात आखडता घेत नाही. पण बाईंचं नाव तू नेलंस, ते परत नेऊन द्यायचं काम तुझं. ते देव तुझ्याऐवजी करणार नाही."

"कसं करू?"

"जसं घालवलंस तसं. तोंडानं."

सोमवारपासून कात्रीनं सुरुवात केली. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला ती सांगू लागली. पण हे काम भलतंच अवघड निघालं. पहिली बातमी ऐकताना ज्या बायका पुढे सरकून बसल्या होत्या, त्याच आता मासिकाची पानं उलटू लागल्या. एक म्हणाली, "जाऊ द्या हो, काहीतरी असेलच." दुसरी म्हणाली, "तुम्हाला कुणी दम दिला का?" तिसरीनं नंतर येणंच सोडलं.

कात्री हटली नाही. उलट तिला जोर चढला. फादर कसे बोलले, आपल्याला कशी झोप लागली नाही, डोळ्यांतून कसं पाणी आलं, सगळं ती रंगवून सांगू लागली. मग ऐकणाऱ्या हेलावू लागल्या. "केवढं मोठं मन तुमचं!" असं एकजण म्हणालीसुद्धा.

ती गेल्यावर नणंदेनं नेलपॉलिशची बाटली बंद केली. "वहिनी, एक विचारू? ही गोष्ट बाईंची आहे की तुझी?"

"म्हणजे?"

"आधी त्यांच्या बदनामीवर भाव खाल्लास. आता स्वतःच्या पश्चात्तापावर खातेस."

कात्री भडकली. फडका आपटून ती मागच्या खोलीत गेली आणि धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत बसली. सहाव्या की सातव्या टॉवेलला तिचे हात थांबले. नणंदेचं खरं होतं. पाप हाकलून लावलं म्हणावं, तर ते दुसऱ्या दारानं आत येऊन, चांगले कपडे घालून, तिच्याच शेजारी बसलं होतं.

ती बाहेर आली. "उद्यापासून दोनच वाक्यं बोलेन. बाईंनी कुणाला हात लावलेला नाही. मी न बघता बोलले. बास. तिसरं तोंडातून निघालं, तर तू मला अडव."

"त्या कामाला मी कधीही तयार आहे," नणंद म्हणाली.

पण सलूनमध्ये बोलून भागणार नव्हतं. शाळेत पालकांची सभा होती. ती तिथे गेली. वर्गातल्या बुटक्या बाकांवर आईबाप गुडघे दुमडून बसले होते. मोठ्या बाईंनी बोलायला परवानगी दिली, तेव्हा कात्री उठून उभी राहिली. ती दोन वाक्यं बोलली. मागून एक बाप ओरडला, "मग डाग काय आपोआप उठतात का?"

तिनं जुळ्यांच्या आईकडे पाहिलं. ती बिचारी आधी खाली बघत राहिली. मग उभी राहिली. "ज्या डागावरून हे सगळं सुरू झालं तो माझ्या मुलाचा होता, हे मला आत्ता कळतंय. तो घरी पडला. माझ्यासमोर."

वर्गात कुजबूज झाली. ज्यांनी चिमट्याची थप्पड केली होती आणि थप्पडेचं कोंडणं, ती माणसंही तिथेच होती. कुणीही उभं राहिलं नाही. कात्रीला ते दिसलं, आणि त्यांच्याकडे बोट दाखवायचा मोह तिनं गिळला. ती आपल्यापुरतं बोलायला आली होती.

सभा संपल्यावर ती तशीच बाईंच्या घरी गेली. दार अर्धंच उघडलं.

"मीच पसरवलं होतं," कात्री म्हणाली. "आत्ता सभेत सांगून आले. तुमच्याकडे आधी यायला हवं होतं, धीर झाला नाही."

बाईंनी तिला आत बोलावलं नाही. "मी काय बिघडवलं होतं तुमचं?"

"काहीच नाही."

"मग बोलताना काय वाटलं?"

कात्रीच्या मनात बरीच सोयीची उत्तरं येऊन गेली. "बरं वाटलं," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "निदान हे तरी खरं बोललात. ऐका, क्षमा करावी लागते, मला ठाऊक आहे. मी रोज प्रार्थनेत तुमच्यासाठी मागते. पण दात आवळून मागते. याहून जास्त आज माझ्याकडे नाही."

"तेवढंही मला जास्तच आहे," कात्री म्हणाली, आणि निघाली.

पुढच्या सत्रात बाई शाळेत परतल्या. मोठ्या बाईंनी स्वतः घरी जाऊन त्यांना आणलं. जुळी पोरं त्यांच्या कमरेला मिठी मारून लोंबकळली, असं त्यांच्या आईनं सांगितलं.

एका सकाळी शाळेवरून जाताना कात्रीच्या कानावर गाणं आलं म्हणून ती थांबली. बालवर्गाचं दार सताड उघडं होतं. बाहेर थंडी होती, आतली मुलं स्वेटरच्या बाह्या ओढत गात होती. दाराशी झाडू मारणाऱ्या मावशींना तिनं विचारलं, "दार का लावत नाहीत? पोरं गारठतील."

"आता बाई दार लावतच नाहीत," मावशी म्हणाल्या. "म्हणतात, येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे."

कात्री तिथेच उभी राहिली. हे दार तिच्या कुठल्याही वाक्यानं मिटणार नव्हतं. आतून बाईंनी तिला पाहिलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मान किंचित हलवली आणि पुढची ओळ मुलांकडून म्हणवून घेऊ लागल्या. कात्रीनंही मान हलवली, आणि सलून उघडायला वेळेवर पोचायचं म्हणून भराभर चालू लागली. आज पहिलंच गिऱ्हाईक म्हणून तो सभेत ओरडलेला बाप आपल्या बायकोला घेऊन येणार होता, आणि बाईंनी काही केलं नाही, हे त्याला अजून पटलेलं नव्हतं.